पोलादी दात घेऊन जबलपूरला

घराचं लोखंडी फाटक, सुनंदाची विळी, गाडीच्या टपावरचं कॅरिअर, उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या कारखान्यातलं करवतींना धार लावायचं यंत्र, आणि आता शिकारी डायनोसॉरचा एक दात. हे सगळं मी स्वतःच्या हातानं केलंय; शिकवायला कोणी नव्हतं. दात ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून कापला. फोटो समोर ठेवून कडेचे बारीक दाते कानशीनं पाडण्यात अख्खा पावसाळा गेला.

जबलपूरच्या एका छोट्या संग्रहालयात खरा दात काचेआड आहे. लोकांना हातात घ्यायला नमुना हवा, असं कळलं. मी फोन केला. “ले आइए, देख लेते हैं,” एवढंच उत्तर आलं. मी मात्र साऱ्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सांगून टाकलं, की माझा दात संग्रहालयात लागणार.

सुनंदानं, माझ्या बायकोनं, तो पिशवीत भरताना निरखला. “याले दात म्हणता? मले तं करवत दिसून राहिली.”

“तुले कानशीचं काम नाही समजत.”

पहाटे निघालो. सिमग्याला तांदळाच्या पिठाचा गरम चीला आणि टमाटरची चटणी खाऊन घ्या. पुढे कवर्ध्यापर्यंत धड काही मिळत नाही. चिल्फी घाटात ट्रकांच्या मागे सरपटावं लागतं, हॉर्न वाजवून उपयोग नाही. मंडल्याला जेवलो. जबलपूरला खोली चौदाशेची, पंखा आवाज करणारा. स्टूल मागवून मीच तो दुरुस्त केला. “भाडं कमी करतील का आता?” सुनंदा म्हणाली. केलं नाही.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय. तिथं माहिती द्यायला असलेली रश्मी नागपूरकडची पोट्टी. मराठी सगळं समजते, बोलते हिंदीत. तिनं छान समजावलं. या प्राण्यांचे दात जन्मभर पडत आणि नवे येत, म्हणून हाडांपेक्षा दातच जास्त सापडतात. मांस कापणाऱ्यांचे दात चपटे आणि दातेरी. पुढे जे माशांवर जगू लागले, त्यांचे गोल, निमुळते होत गेले. दात बघून तोंडात काय जात होतं ते कळतं.

मग तिनं दोन्ही दात भिंगाखाली ठेवले. मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

खऱ्या दाताचे दाते छिन्नीसारखे बोथट, सरळ उभे. माझे टोकदार, एका बाजूला झुकलेले. त्याहून वाईट म्हणजे खऱ्यात दोन दात्यांमधली खाच तळाशी गोल होऊन आत वळलेली होती. माझी कोपऱ्यात टोकदार.

“इसी गोलाई से दाँत टूटता नहीं था, अंकल. और पुराने शिकारी जानवरों से चला आ रहा है.”

मला सांगता? कारखान्यात रोज ओरडतो मी, खाच गोल करा, टोकदार कोपऱ्यातूनच पात्याला चीर जाते! जे त्या जनावराच्या जबड्याला जमलं, ते मी करवतीत करतो आणि दातात विसरलो. हात सवयीनं लाकूड कापायचे दाते पाडत गेला.

“करवत,” सुनंदा हळूच म्हणाली.

रश्मी म्हणाली, “चल जाएगा अंकल, बच्चों को क्या पता.”

“मले माहीत आहे नं,” मी म्हटलं आणि दात पिशवीत टाकला.

परतीच्या वाटेत चिल्फी घाटात ट्रकमागे अडकल्यावर सुनंदा उसळली, “पाऱ्यात काय सांगाल आता?”

खरं तेच सांगितलं. शेजारी महिनाभर हसले. तो दात आता स्वयंपाकघराच्या दारामागे आहे, सुनंदा त्यावर पिशव्या अडकवते आणि पाहुण्यांना “आमची जबलपूरची करवत” म्हणून दाखवते. मी नवा घडवायला बसलोय. खाचेसाठी उंदराच्या शेपटीएवढी गोल कानस स्वतःच केली. सरळ उभे दाते पाडताना हात अजून झुकतो.

पण एक गोष्ट पाऱ्यात सांगितली नव्हती, ती इथं लिहितो. रश्मीनं तो चुकलेला दात जसाच्या तसा ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती, वर नावाची पाटीही लावणार होती. मी नाही म्हटलं. आठ हजार रुपये देत होते.