दुसरा श

भिंतीवरच्या पडद्यावर माझ्याबद्दल चार ओळी होत्या आणि त्या वाचून खोलीतली माणसं हसत होती.

ओळी इंग्रजीत होत्या. मी समोरच बसले होते. मांडीवर वही, गळ्यात त्यांनीच दिलेलं ओळखपत्र. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, या बाईला कुठे कळतंय. त्या मराठीत सांगते: 'तक्रार एका म्हाताऱ्या बाईची आहे. हात कापत असेल, त्यामुळे कळ दोनदा दाबली जाते. आकडा कमी करू नये, उलट वाढवावा. तसंही आपली गिऱ्हाइकं खेड्यातली, कोट्यातली. एवढ्या वेगानं टाइप करणार कोण?'

माझी तक्रार अक्षर गळतं अशी होती. दोनदा उमटतं अशी नव्हती. त्यानं ती वाचलीच नव्हती. बाई म्हातारी एवढंच वाचलं होतं.

नातवंडांनो, तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. हे सावकाश वाचा.

हे ऑफिस वर्ध्यात, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर आहे. तिथे मराठी टायपिंगचे कीबोर्ड बनवतात. पहिली खेप देवळी, आर्वी, आष्टीच्या मोफत टायपिंग वर्गांना जायची आहे. वर्ग मागासवर्गीय मुलींचे. त्या याच कीबोर्डवर शिकतील आणि याच कीबोर्डवर सरकारी परीक्षा देतील. मी सरकारी कचेरीत चौतीस वर्षं इंग्रजीची स्टेनो होते, म्हणून मला तपासायला बोलावलं. टाइप करायचं, चूक दिसली की लिहून द्यायची. माझ्याबरोबर एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना सगळे 'सर' म्हणतात. मला 'आजी'. सर दोन बोटांनी टाइप करतात. त्यांच्या हातून एकही अक्षर गळलं नाही. गळेल कसं?

माझ्या हातून गळत होतं. तेही एकाच प्रकारचं. एकच अक्षर लागोपाठ दोनदा आलं की दुसरं गायब. 'ममता'ची 'मता' झाली. 'गगन'चं 'गन' झालं. 'शशिकला' लिहिलं की पडद्यावर यायचं 'शिकला'. बाई गेली, शिकला तेवढा उरला. शशिकला म्हणजे तुमची मावशीआजी, माझी धाकटी बहीण. मी तिचं नाव वीस वेळा मारलं. सतरा वेळा 'शिकला' आलं. तारीख घालून वहीत नोंद केली.

कारण प्रणालीनं शोधलं. प्रणाली देवळीची. तिथली सगळ्यात तरुण इंजिनिअर. तिनं मला कागदावर काढून दाखवलं. कळ दाबली की आतली पत्री थरथरते आणि एकदा दाबूनही दोनदा दाबल्यासारखं होतं. म्हणून कीबोर्डच्या पोटातल्या प्रोग्रॅमला एक आकडा देऊन ठेवतात. एवढ्या वेळात तीच कळ परत आली तर ती खोटी समज आणि सोडून दे. तो आकडा होता दीडशे. म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले दीडशे. ज्याचा हात त्याहून चपळ, त्याचं दुसरं अक्षर खोटं.

"मॅडम, दीडशेचे तीस करून टाकले म्या. आता घाईनं मारून पाहा बरं," ती म्हणाली.

मारलं. शशिकला. पूर्ण. वीसच्या वीस वेळा.

बदल इतकाच. एक आकडा. पण तिथे कुणाचाही बदल आधी सगळ्यांनी मिळून तपासायचा असतो. तो पडद्यावर लावतात, प्रत्येक जण खाली आपलं मत लिहितो, मग मंजूर. मुकुंद त्यांचा वरिष्ठ. पडद्यावरच्या त्या चार ओळी त्याच्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "हे मी वाचलंय."

हसणं थांबलं. मुकुंद म्हणाला, "अरे आजी, मजाक होता तो. टेक्निकल नोट आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चहा घ्या."

"माझा हात कापत नाही."

"मग करून दाखवा ना. आत्ता, सगळ्यांसमोर. विषयच संपेल."

त्यानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. आणि माझ्या नाकात रॉकेलचा वास आला.

आर्वीच्या टायपिंग क्लासमध्ये मी सतरा वर्षांची असताना जायची. मालकानं मला कोपऱ्यातलं मशीन दिलेलं, नेहमी तेच. माझा तास संपला की तो रॉकेलचा बोळा घेऊन यायचा आणि एकेक कळ पुसायचा. इतर मशीनं महिन्यातून एकदा पुसली जायची, माझं रोज. कुणी विचारलं तर म्हणायचा, देखभाल आहे. मी दाराबाहेर चपला घालत असायची, तोवर वास तिथपर्यंत यायचा. परीक्षेला मी सगळ्यांच्या आधी कागद काढून दिला. परीक्षकानं कागद पाहिला, मग माझं आडनाव पाहिलं. म्हणाला, "एवढा वेग? कुणाचा कागद उचललास? परत बस." बाकीची मुलं सुटली होती. ती भोवती उभी राहिली. मालक बोळा हातात घेऊन उभा. मी परत टाइप केलं. एकही चूक नाही. पास.

घरी येऊन रडत बसले. माय म्हणाली, "पास झाली त काऊन रडून राह्यली वो?"

"दोनदा द्याले लावली, माय. माह्या एकटीलेच."

शशिकला दारात उभी राहून ऐकत होती. तिचं नाव पुढच्या तुकडीत घातलं होतं. ती एकही दिवस गेली नाही.

आणि मी? मी त्या परीक्षेच्या प्रमाणपत्राला फ्रेम केली. तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढलेत. इतकी वर्षं मला त्या दुसऱ्या कागदाचा अभिमान होता. त्या माणसाला पटवून दिलं, याचा. आता त्या अभिमानाची किळस येते. पहिला कागद खरा होता. मी त्या खुर्चीत परत बसायलाच नको होतं, "नाही" म्हणायला हवं होतं.

मी कीबोर्ड परत सरकवला.

"नाही दाखवणार."

"म्हणजे?"

"सरांना करून दाखवायला सांगितलं होतं का?"

सर चष्मा पुसू लागले.

मी म्हटलं, "प्रणाली, याच्याखाली माझं मत लिही. मी सांगते."

आयुष्यभर मी साहेबांचं डिक्टेशन घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा दिलं. प्रणालीनं मुकुंदकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घातली आणि बोटं ठेवली. तिच्यासमोर तोच कीबोर्ड होता, जुन्या दीडशेच्या आकड्याचा. मी साहेब बोलायचे त्या वेगानं बोलले. 'हात कापतो हे खोटं आहे. शशिकला हा शब्द वीस वेळा लिहिला, सतरा वेळा दुसरा श गळाला. नोंदवही सोबत आहे.' पोरगी चपळ आहे. शब्दाला शब्द लावून आली.

पडद्यावर उमटलं: 'शिकला हा शब्द वीस वेळा लिहिला.'

सगळ्यांनी पाहिलं. अगदी सगळ्यांनी. मला वाटलं, आता तरी.

मुकुंद म्हणाला, "प्रणाली, जरा सावकाश टाइप कर."

मी वही बंद केली. पुरावा भिंतीएवढा झाला तरी हा माणूस आकडा बदलणार नव्हता. तो पोरींचा वेग कमी करणार होता.

बदल मंजूर झाला नाही. प्रणालीला त्या कामावरून काढून खोकी मोजायला बसवलं आहे. सरांनी त्याच दुपारी तपासणीच्या कागदावर सही केली. सह्या दोन लागतात. माझी जागा रिकामी आहे. मुकुंदचे फोन येतात. "आजी, फक्त एक सही. माल अडलाय, मुलींचं नुकसान होतंय." मुलींची काळजी त्याच्या तोंडून ऐकताना शिसारी येते. वर्ग अडले आहेत हे मात्र खरं, आणि ते मला टोचतं. म्हणून सोमवारी वही घेऊन देवळीच्या वर्गात जाणार आहे, मग आर्वीला, मग आष्टीला. मुलींना सांगेन की तुमच्यासाठी कोणता आकडा ठरवला आहे आणि का. त्याची ओळ त्यांना जशीच्या तशी वाचून दाखवीन, आधी इंग्रजीत, मग मराठीत.

त्याला मी कळवलं आहे. आकडा तीस करा. प्रणालीचं नाव त्या बदलावर राहू द्या. तुमची ओळ पुसू नका, तिच्याखाली खरं काय ते लिहा. मग सही. तोवर नाही.

काल फ्रेम खाली घेतली. मागच्या पुठ्ठ्यावर शाईनं लिहिलं, 'ही परीक्षा दोनदा घेतली. बाकी सगळ्यांची एकदा.' परत टांगली, पण मागची बाजू पुढे करून. पुढच्या वेळी फोटो तिच्याशेजारी काढा.

आणि तुम्हाला कुणी म्हटलं, परत करून दाखव, तर आधी विचारा, इतरांना म्हटलंस का. नसेल म्हटलं तर हात मागे घ्या.

मी घेतला आहे. तो कापत नाही.