कोरं पाणी आणि तांब्याचा हंडा

“आधी मोजू, मग बोलू.”

असं म्हणताना समोरचे भाऊ हातातली वस्तू उजेडाकडे धरत आणि एक डोळा मिटत. बहुतेक वेळा ती वस्तू म्हणजे त्यांच्या फिल्टरची पारदर्शक नळी असे. मी भोरात घरीच ब्लाउज शिवते. माझं मशीन खिडकीशी आणि गल्ली ओलांडली की त्यांची खिडकी. सकाळी त्या खिडकीत नळी वर झाली की समजावं, भाऊंचा दिवस सुरू झाला.

नळीत मोहरीएवढे निळे दाणे भरलेले असत. त्यांना ते रेझिन म्हणत. पाणी त्यातून जाऊ लागलं की दाणे एका टोकाकडून तपकिरी होत जात. सगळे तपकिरी झाले की बदलायचे. तपकिरी रंग कुठवर चढलाय हे तुम्हाआम्हाला नुसतं बघून कळलं असतं. भाऊ पट्टी लावत.

सगळा जन्म सरकारी मोजणी खात्यात गेलेला माणूस. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात ते चालले नाहीत असा बांध सापडणं कठीण. सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असले तरी हे मध्ये जाऊन म्हणायचे, आधी मोजू, मग बोलू. निवृत्त झाल्यावर बांध सुटले, सवय सुटली नाही. माझ्या पुतणीच्या सोयरिकीत मुलगा बुटका आहे का, यावरून बायका कुजबुजत होत्या, तर यांनी भर बैठकीत त्याला दाराच्या चौकटीला उभा करून टेप लावला. तरीही सोयरीक जमली, हे त्या मुलाचे उपकार.

माशांचा नाद त्यांना वहिनी गेल्यावर लागला. पुण्याला लेकीकडे गेले असताना तिच्या शेजाऱ्यांकडे त्यांनी समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी बघितली. आत जिवंत पोवळी, वाऱ्यावर भात डोलावा तशी डोलणारी. लेक जेवायला बोलावून थकली. खरं तर वरंधा घाट उतरला की कोकणच, पण नोकरीभर डोंगर मोजण्यात हे समुद्रापर्यंत कधी पोचले नव्हते. मग समुद्रच भोरात आणला.

समुद्र करायचा म्हणजे आधी पाणी कोरं करायचं आणि मग त्यात मीठ मोजून घालायचं. नळाचं पाणी गाळ धरणाऱ्या कँडलमधून, मग कोळशातून, मग पडद्यातून आणि शेवटी त्या निळ्या दाण्यांतून सोडायचं. बाहेर येईल त्यात किती काय विरघळलेलं उरलंय ते दाखवणारं पेनासारखं मीटर बुडवायचं. शून्य आलं तर पाणी कोरं. नाही आलं तर भाऊंना स्वतःलाच ताप भरल्यासारखं होई. पावसाळ्यात पांढरीशुभ्र कँडल चहात बुडवलेल्या पावासारखी व्हायची. ती हातात घेऊन ते गल्लीभर दाखवत हिंडायचे. “हे आपण पितो,” म्हणायचे.

“मग आम्हाला कसं काही होत नाही, भाऊ?”

“तुम्ही पोवळं नाही, ताई.”

फिल्टरमधून जे पाणी वाया जातं, ते बादल्यांत धरून भाऊ आमच्या दारांत आणून ठेवत. गल्लीतल्या फरशा त्याच पाण्याने पुसल्या जायच्या. आपल्या हौसेपायी इतकं पाणी जातं याची त्यांना लाज वाटे, आणि बादली ठेवताना ते दरवेळी तसं बोलून दाखवत.

त्यांच्याकडे कामाला हौसाबाई होती. वेल्ह्याकडच्या पासलीची, नवरा वारल्यावर भोरात खोली घेऊन राहिलेली. गल्लीतली चार घरं तिच्याकडे होती. एक भाऊंचं, एक माझं, आणि आणखी दोन. टाकीच्या काचा बाहेरून तीच पुसायची. आत हात घालायचा नाही, हे तिला कधी सांगावं लागलं नाही. “त्यात मासं न्हाईत ताई, सायेबांचा जीव हाय,” असं मला म्हणायची. भाऊ तिला ‘तुम्ही’ म्हणत. गल्लीत तिला ‘तुम्ही’ म्हणणारे ते एकटेच.

एका वर्षी पावसाच्या तोंडावर कोरं पाणी साठवायचा प्लास्टिकचा पिंप तडकला. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, तेवढं कोरं पाणी वरून भरावं लागतं, म्हणजे साठवण तर हवीच. भाऊंनी माळ्यावरून वहिनींचा तांब्याचा हंडा काढला. आपल्याकडे तांब्यातल्या पाण्याहून शुद्ध काही असतं का? तुम्हालाही हेच सुचलं असतं. हौसाबाईने चिंच लावून तो असा घासला की त्यात तोंड दिसावं. भाऊंनी मला हाक मारून कौतुकाने दाखवला.

थोड्याच दिवसांत टाकीतल्या गोगलगायी मेल्या. मग लाल-पांढरी कोळंबी गेली. मग पोवळ्यांनी अंग आत ओढून घेतलं ते पुन्हा उघडलं नाही. शेवटी मासेही मेले. भाऊंनी कँडल बदलली, नवे दाणे भरले, नळीतून पडणारं पाणी पुन्हा पुन्हा मोजलं. मीटर शून्यच दाखवत होतं. पाणी कोरं, फिल्टर बरोबर, मग उरलं कोण?

सकाळी हौसाबाई दारात चपला काढत होती. भाऊ ओट्यावर आले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “हंड्याला तू भांड्यांची पावडर लावलीस. नीट धुतला नाहीस.”

‘तू’ म्हणाले.

“म्या चिंचेनं घासला, सायेब. पावडर हातात बी धरली न्हाई.”

“मग मासे काय उगाच मेले? खोटं बोलतेस.”

तिने काढलेल्या चपला परत घातल्या. मी खिडकीत ब्लाउजला हुक लावत होते, लावतच राहिले. त्याचीही लाज वाटते.

त्याच आठवड्यात बाकीच्या दोन घरांनी तिला ‘नको आता, आमचं आम्ही बघू’ म्हणून सांगितलं. मासे कसे मेले ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, बाई खोटी एवढं राहिलं. मग माझ्याकडेही ती यायची थांबली. लावणीचे दिवस आले होते, ती पासलीला भावाकडे निघून गेली.

पुढे रेझिन मागवायला भाऊंनी पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. बोलता बोलता त्याने विचारलं, पाणी साठवता कशात? उत्तर ऐकून तो म्हणाला, तांबं तपासायचे थेंब पाठवतो. ते आले त्या दिवशी भाऊंनी मला बोलावलं. एका काचेच्या बाटलीत नळीतून नुकतं पडलेलं पाणी घेतलं, दुसरीत हंड्यातलं. दोन्हीत थेंब टाकले. पहिलं होतं तसंच राहिलं. दुसऱ्याला हळूहळू रंग चढत गेला. इतकं कोरं पाणी उपाशी असतं, ज्यात ठेवाल त्याचं थोडं खातं, असं दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं. आपल्याला त्याचं काही होत नाही, टाकीतल्या जिवांना ते विष.

या वेळी भाऊंनी बाटली उजेडाकडे धरली नाही. खाली ठेवली. “हंड्यातलं मोजलंच नव्हतं मी,” म्हणाले. आणि बाटलीला बूच लावत, “आधी बोललो.”

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आले. “ताई, पासलीला चला माझ्याबरोबर. एकटा गेलो तर अर्ध्यातून परत येईन.” कापूरहोळला एसटी बदलून आम्ही वेल्हं गाठलं, तिथून जीप. सगळी वाट भाऊंचे ओठ हलत होते. वाक्य पाठ करत असावेत.

पासलीत वेगळीच पंचाईत झाली. यांना बांधावर बघताच म्हाताऱ्यांनी ओळखलं. “मोजनीचं सायेब आल्यात,” असं एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि बघता बघता खाचरांच्या कडेला माणसं गोळा झाली. कुणाला शेजाऱ्याने बांध कोरल्याचा संशय, कुणाला वाटणीची घाई. “आमचं बी तेवडं बघून घ्या, सायेब.” भाऊंना तिच्याशी एकटीशीच बोलायचं होतं, आणि पुढ्यात अर्धं गाव. हौसाबाई गुडघाभर चिखलात वाकलेली होती. ती सरळ झाली, पण बाहेर आली नाही.

“मोजणी नाही,” भाऊ म्हणाले. “मी हौसाबाईंवर आळ घेतला. तो खोटा होता. चूक माझी होती. हौसाबाई, तुम्ही मला माफ करा.”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. ज्याच्या शब्दावर गावाने बांध हलवले, तो माणूस मान घालून उभा होता, आणि मला कुठे बघावं कळेना. हौसाबाईने हातातली रोपं दुसऱ्या हातात घेतली.

“हितं कशाला सांगताय, सायेब? हितल्या कुनी माज्यावर आळ घेतला न्हाई. तुमी भोरात बोलला. तितं बोला.”

आणि ती पुन्हा वाकली.

परतीच्या गाडीत भाऊ एवढंच म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं. हद्द जिथली, खूण तिथंच रोवावी लागते.”

मग ते गल्लीत दारोदार गेले. बेल वाजवायची, आत यायचं नाही, चहा घ्यायचा नाही. “हौसाबाई खऱ्या, मी खोटा,” एवढं सांगायचं. लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं. कुणी म्हणे, असू द्या हो भाऊ. एक बाई तर हसली, “कामवालीसाठी एवढं?” तिचं हसू थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. माझ्या दारातही आले. मला सगळं ठाऊक होतं, तरी आले. मला मान वर करून ऐकता आलं नाही.

लावणी उरकून हौसाबाई परतली. मी आणि त्या दोन्ही घरांनी तिला पुन्हा बोलावलं. तिला निरोप पाठवायचं धाडस भाऊंना झालं नाही, आणि तिने त्यांचा उंबरा ओलांडला नाही. टाकी कोरडी राहिली. फिल्टर मात्र ते रोज चालवत, दाणे बदलत, आणि कोरं पाणी गल्लीतल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांना वाटून टाकत. नळी खिडकीत दिसायची. “आधी मोजू” एवढं बोलून ते थांबायचे.

गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली. दाण्यांतला निळा कुठला आणि तपकिरी कुठला हे कळेना, तेव्हा लेक पुण्याला न्यायला आली. टेम्पो भरला. हौसाबाई माझ्या ओट्यावर भांडी घासत होती. भाऊ चाचपडत तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

“येतो, हौसाबाई.”

ती घासत राहिली. भाऊ वळले आणि लेकीचा हात धरून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. हौसाबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ त्यांच्या घरात शिरली. बाहेर आली ती हंडा घेऊन. टेम्पो भरताना भाऊंनी लेकीला ‘तो नको, माळ्यावरच राहू दे’ म्हटलेलं आम्ही दोघींनी ऐकलं होतं. पालथा पडून पडून तो काळा झाला होता. तिने तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

“वैनींचा हाय, टाकून जाऊ नगा. माशांला न्हाई मानवला, मानसाला मानवतोय.” तिने हंड्यावरून बोट फिरवलं. “काळा पडलाय. चिंचेनं घासा. पावडर लावू नगा.”

टेम्पो निघाला. हंडा एवढा मोठा की भाऊंचा चेहरा त्यामागे झाकला होता. लेक म्हणाली, मागे ठेवूया बाबा. त्यांनी दिला नाही. गल्लीच्या वळणापर्यंत मला त्यांचे हंड्याला धरलेले दोन्ही हात दिसत होते.