अण्णांनी धरलेली जागा

दुपारचे तीन वाजलेत. आईच्या कपाळावरची पट्टी बदलता बदलता सुलोचना खाटेच्या पायथ्याशी कलंडते. तीन दिवस ताप हटत नाही, आणि डॉक्टर म्हणालेत, आजचा दिवस निघाला पाहिजे. झोपायचं नाही असं ती स्वतःला बजावते, आणि बजावतानाच तिचा डोळा लागतो.

खाटेपलीकडे तासगावचा स्टँड आहे. माणसं खच्चून भरलीत, पण आवाज कुणाचाच नाही, नुसती एका गाडीची घरघर. फलाटावर अण्णा उभे आहेत. तिचे वडील. त्यांना जाऊन दोन महिने झाले.

अण्णांना अख्खा तालुका ओळखायचा. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तर त्यांनीच. एकदा घरच्या चौघांना लग्नाला जायचं होतं, तर या गृहस्थानं अकरा जागा धरल्या. स्टँडवर भेटलेल्या सात अनोळखी माणसांनाही ‘चला की लग्नाला’ म्हणून बसले होते! ती माणसं आली, पोटभर जेवली, आणि आईनं आठवडाभर अबोला धरला. एकट्यानं प्रवास करणं अण्णांना कधी जमलंच नाही. नेमकं हेच आठवून सुलोचना त्यांच्या आजूबाजूला बघते, बरोबर कोण आहे ते.

"सुले, आलीस व्हय! जेवलीस का?"

"अण्णा, कुठं निघालाय?"

"लांब जायचंय. गाडी बरी गावली बघ, पाक रिकामी. जागा धरलीया."

"कुणाला?"

अण्णा हसतात आणि खिडकीकडे बोट करतात.

ती धावत पायरी चढते. आत त्यांचंच स्वयंपाकघर आहे. मांडणीवर पितळी डबे, चुलीपाशी पाट, आणि दोन्ही बाजूंना एसटीची बाकडी. खिडकीशी आई बसलीय. ठेवणीतलं लुगडं, विंचरलेले केस, अंगात तापाचं नाव नाही. इतकी बरी दिसणारी आई बघून सुलोचना घाबरून तिच्याकडे झेपावते.

"आई, उतर. आत्ताच्या आत्ता उतर."

"खिडकी दिलीया मला त्यांनी," आई लाजत म्हणते.

घंटी दोनदा वाजते. गाडी हलते. बाहेर स्टँड नाही, काहीच नाही, नुसता पांढरा धुरळा.

"अण्णा, तुम्ही न्यायला आलाय तिला?"

"मी नुसता रुमाल टाकला गं. ती आपल्या पायानं आली."

"पाया पडते तुमच्या. मला आई पाहिजे."

ज्या माणसानं जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, तो आता होही म्हणत नाही. सुलोचनाला आपल्याच वडिलांची भीती वाटते, आणि तशी वाटल्याची लाजही वाटते. ती आईचं मनगट धरून ओढते. आई उठत नाही. तिनं दुसऱ्या हातानं खिडकीचा गज घट्ट धरलाय. सुलोचना रडते, ओरडते, पाय रोवून ओढते. गाडी वेग घेते.

अण्णा उठतात. आता हे आईचा दुसरा हात धरणार, असं वाटून सुलोचना किंचाळते. अण्णा वाकतात. गजावरचं आईचं एकेक बोट हळूच सोडवतात. करंगळी सगळ्यात शेवटी सुटते.

"जा," ते म्हणतात. "पोरगी रडतीया."

सुलोचना दचकून उठते. पंखा फिरतोय. आईचं अंग घामानं भिजलंय, कपाळ गार लागतंय. गार! तिचा जीव उडतो. ती आईच्या नाकाशी बोट धरते. श्वास चाललाय. ताप उतरलाय.

आई डोळे उघडते आणि उजवा हात छातीशी घेऊन चोळत राहते.

"किती जोरात ओढलंस गं."

मनगटावर चार बोटांचे लालभडक वळ आहेत. सुलोचना आपली बोटं त्यांच्यावर ठेवायला जाते आणि मागे घेते.

आई एकदा दाराकडे बघते. मग कूस बदलते.

"चहा टाक," ती म्हणते. "दोघींचाच टाक."