विमलबाईंची आखणी

पेणजवळच्या जोह्याच्या विमलबाईंनी अर्धं आयुष्य गणपतींचे डोळे आखण्यात घालवलं. कारखान्यात साचे कोणी ओतायचे, पॉलिश कोणी मारायचं, सोंडेवरचं शेडिंग आणखी कोणी करायचं. पण डोळ्यांची आखणी म्हटली की हाक विमलबाईंनाच. आखणी सगळ्यात शेवटी. ती होईपर्यंत मूर्ती म्हणजे नुसता गोळा, तिच्या मांडीवर रंगाचा डबा ठेवला तरी कोणी काही बोलत नाही. दोन्ही बुबुळं भरून झाली की विमलबाई ब्रश दातांत धरायच्या, मूर्तीला हात जोडायच्या आणि पुढच्या मूर्तीकडे सरकायच्या. सीझनला जेवायला फुरसत नसायची, पण हात जोडल्याशिवाय सरकणं नाही. सासूने तसंच शिकवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, या बाईला नटण्यामुरडण्यातलं काय कळणार! अहो, गौरीचे मुखवटे कोण रंगवत होतं? देवाला फॅशन नसते म्हणणाऱ्याने एकदा जोह्याला येऊन बघावं. विमलबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा गौरीच्या भुवया जाड, ओठ कुंकवासारखे लाल आणि केस मधोमध भांग पाडून चापूनचोपून बसवलेले. मग गिऱ्हाईक बायका थ्रेडिंग करायला लागल्या, तशी गौरही भुवया कोरून बसली. इतक्या बारीक, की नैवेद्याला काय वाढलंय ते बघून तिला धक्का बसलाय असंच वाटायचं. पुढे ओठ गुलाबी झाले, गालांवर लाली चढली, कानांशी बटा सुटल्या, आणि अलीकडे परत भुवया जाड! शिकेकाई-रिठे आणि एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, तिथपासून फेशियल-स्ट्रेटनिंगपर्यंतचा बायकांचा सगळा प्रवास विमलबाईंनी देवीच्या तोंडावर रंगवला होता. "बायका जशा दिसायला बघतात तशी गौर होते. उलटं नाय," असं त्या ठासून सांगत, आणि यावर वाद घालणाऱ्याला त्यांच्याकडे चहा मिळत नसे.

पुढे मान दुखायला लागली. मुलाला धाटावच्या कंपनीत नोकरी होती, त्याने रोह्याजवळ वरशाला फ्लॅट घेतला आणि आईला नेलं. पण कारखाना सुटला तो मानेमुळे, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण विमलबाई जवळच्यांनाच सांगत. "येवढे डोळे आखले, एकाला तरी आरशात बघावंसं वाटलं काय?" त्यांना आता बघणारं तोंड पाहिजे होतं. म्हणून त्यांनी पेणला जाऊन नातीच्या वयाच्या मुलींमध्ये बसून ब्युटिशियनचा कोर्स केला आणि वरशाला पार्लर उघडलं.

हात चांगलाच होता, खोड मात्र कारखान्याची. हनुवटी दोन बोटांत धरून गिऱ्हाईकाचं तोंड उजेडाकडे वळवायचं, गालावर फुंकर मारायची, आणि एखादीची पापणी लवली की, "हलायचं नाय! गणपती कधी हलला नाय माझ्यासमोर," असा दम भरायचा. डोळे अर्थात सगळ्यात शेवटी. पहिल्याच गिऱ्हाईक बाईचे डोळे आखून झाले, आणि विमलबाईंनी ब्रश दातांत धरून तिला मनोभावे हात जोडले. ती बाई दचकून खुर्चीतून अर्धी उठली. विमलबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरीच्या वेळी त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं, तरी हात आपोआप जोडले गेले.

वरशाला बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! काही बायका हसल्या, काही मुद्दाम आल्या. "घरात सकाळपासून मला कोण पाणी विचारीत नाय, हितं निदान हात तरी जोडतात," असं एकीने उघड सांगितलं. खालच्या मजल्यावरची साबिरा ही विमलबाईंची मैत्रीण. तिचा नवरा अब्बास आखातात, त्यामुळे व्हिडिओ कॉलच्या आधी ती डोळ्यांना लायनर लावून घ्यायला यायची. ती म्हणाली, "मला नको हां गो हात जोडू. सलाम चालेल." तेव्हापासून विमलबाई साबिराचे डोळे झाले की दातांत ब्रश धरून सलाम करत, आणि साबिरा हसत हसत तो घेत असे.

एवढं असूनही एक उणीव होती. नवरी मिळाली नव्हती. ज्या पार्लरात नवरी सजत नाही ते पार्लर नव्हे, ते भुवयांचं दुकान, असं विमलबाईंचं ठाम मत. भुवयांवर गाळ्याचं भाडंही निघत नव्हतं. मुलगा तोंडाने काही बोलत नसे, पण दिवाळीनंतर गाळा सोडायचा आणि परत जोह्याला मूर्तींपुढे जाऊन बसायचं, हे विमलबाईंना दिसत होतं.

आणि नवरी आली. वरशाची दिशा. तिचं लग्न रोह्याच्या कृष्णाबाईंच्या थोरल्याशी ठरलं होतं. कृष्णाबाईंचा शब्द भावकीत चालायचा. त्यांनी बरा म्हटला तो आचारी, तो बँडवाला पुढच्या सगळ्या लग्नांना ठरलेला. आणि नको म्हटला त्याने दुसरं गाव बघावं. त्या स्वतः पार्लर बघायला आल्या, खुर्चीवर बोट फिरवून धूळ तपासली आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मेकअप करा. पन ते हात जोडायचं नाय."

"चुकून होतं ओ ताई," विमलबाई म्हणाल्या.

"चुकून पन नाय. सून हाय ती माझी. उद्यापासून तिनं घरात सगल्यांच्या पाया पडायचं, आनि तुम्ही सकालीच तिला देव करून पाठवणार? डोक्यावर बसंल ती माझ्या! हात जोडलेत तर आमच्या भावकीतली एक नवरी तुमच्याकडं येणार नाय."

विमलबाई घाबरल्या. त्यांनी साबिराला गाठलं. साबिराने क्षणात उपाय काढला. "दोनी हातात सामान धर. हात भरलेले असले तर जोडशील कशी?" दोघींनी तालीमसुद्धा केली. एका हातात पावडरचा डबा, दुसऱ्यात ब्रश आणि कंगवा. डोळे झाले की विमलबाईंची कोपरं वर उचलली जायची आणि साबिरा त्यांच्यावर खेकसायची. शेवटी कोपरं जागेवर राहू लागली.

लग्नाच्या दिवशी रोह्याच्या हॉलमध्ये नवरीच्या खोलीच्या दारात कृष्णाबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. आत विमलबाईंनी जीव ओतला. अंबाडा घातला, गजरा माळला, मुंडावळ्या बांधल्या. सगळ्यात शेवटी डोळे. काय सुरेख डोळे झाले हो! विमलबाईंनी झटकन डबा एका हातात, ब्रश-कंगवा दुसऱ्या हातात घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं. जिंकली बाई.

"काकी, झालं?" दिशाने विचारलं.

"झालं."

"मग?"

"मग काय? ऊठ."

दिशाचा ओठ थरथरायला लागला. "माझ्या मैत्रिणींना केलंत. आत्याला केलंत. नुसत्या लायनरसाठी येतात त्यांना पन केलंत. माझंच काय वाईट झालंय?" आणि तिने भोकाड पसरलं. काजळ गालावर आलं. विमलबाईंनी पुसून पुन्हा आखलं. पोरीने आरशात बघितलं, विमलबाईंच्या भरलेल्या हातांकडे बघितलं आणि पुन्हा रडायला सुरुवात केली. बाहेरून भटजींनी नवरी आणा म्हणून हाक दिली. गणपतीचे डोळे विसर्जनापर्यंत टिकतात, ही पोरगी मंगलाष्टकांपर्यंतही टिकू देईना.

"रडतेस काय गो?" कृष्णाबाई दारातून ओरडल्या, त्यामुळे ती आणखीच रडली.

तेव्हा मात्र विमलबाईंचं डोकं फिरलं. स्वतःच्या कामाची अशी नासाडी त्यांनी कधी बघितली नव्हती. त्यांनी डबा टेबलावर आपटला, पावडर उडाली. "ताई, मी पोरीला नाय हात जोडत. त्या घडीला मला पोरगी दिसतच नाय. डोळे पुरे झाले की हात जोडते, मग ते कुणाचे पन असूदे. तुमचे आखले तर तुम्हाला पन जोडीन! आता सांगा तुमच्या भावकीत काय सांगायचं ते."

मग त्यांनी तिसऱ्यांदा डोळे आखले, ब्रश दातांत धरला आणि कृष्णाबाईंच्या देखत दिशाला हात जोडले. दिशा उचकी देत हसली, तिने नाक पुसलं, पदर सावरला आणि करवल्यांबरोबर ऐटीत बाहेर गेली.

विमलबाई खाली मान घालून सामान भरायला लागल्या. राग ओसरला होता आणि फार वाईट वाटत होतं. इतकी वाट बघून आलेली पहिली नवरी, आणि तीच शेवटची. जोह्याच्या कारखान्याच्या शेठला फोन कोणत्या तोंडाने करायचा, याचा विचार त्या करत होत्या, तेवढ्यात दार लागल्याचा आवाज आला.

कृष्णाबाई आतच होत्या. त्यांनी कडी लावली आणि खुर्चीत बसल्या.

"माझ्या लग्नात हळद धुतली, तोंडाला पावडर फासली, झाली नवरी," त्या आरशाकडे न बघता म्हणाल्या. "चला, आटपा. बाहेर खोळंबलेत सगले."

विमलबाईंनी त्यांची हनुवटी दोन बोटांत धरून तोंड उजेडाकडे वळवलं. सगळी भावकी जिला वचकून असते ती बाई श्वास रोखून बसली. पापणी लवली नाही की भुवई हलली नाही. असं गिऱ्हाईक विमलबाईंना पार्लर उघडल्यापासून मिळालं नव्हतं. वरची रेघ झाली, खालची झाली, कोपरे झाले. ब्रश दातांत गेला आणि हात जोडले गेले.

कृष्णाबाईंनी आरशात बघितलं, कितीतरी वेळ बघितलं. पाया पडणारे त्यांना पुष्कळ होते, पण ते रीत म्हणून, नाहीतर भीतीने. असे हात कोणी जोडले नव्हते, आणि अशा वेळी आपण काय करायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्या खुर्चीत ताठ झाल्या. उजवा हात वर केला, तळवा विमलबाईंकडे धरला.

"माग गो," त्या म्हणाल्या, "काय मागायचं ते माग."

विमलबाईंनी दातांतला ब्रश काढला.

"भावकीतल्या सगळ्या नवऱ्या," त्या म्हणाल्या.