ठिपका नसलेलं पिवळं पाखरू

गेल्या वर्षी वारलेली आमची मावशी बारामतीच्या एका कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवत होती. शेकडो किड्यांची लॅटिन नावं तिला तोंडपाठ, पण नवऱ्याचं नाव म्हणून कधी घेतलं नाही. ‘हे’ म्हणायची. आम्ही भाच्या चिडवून थकलो.

कोऱ्हाळ्याच्या तिच्या घरी मागच्या भिंतीवर, दिव्याखाली, सकाळी पतंग बसलेले असत. चहाआधीच ही बाई भिंग घेऊन तिथं हजर. करंगळीच्या नखाएवढं पिवळं पाखरू तिचं भारी लाडकं. मला मेली सगळी सारखीच दिसायची.

“नीट बघ की. ह्याच्या पंखाला तपकिरी काठ हाय, ह्याला तिरकी रेघ, ह्याला काळा ठिपका. चुलत भावंडं हायती, जुळी न्हायती.”

असतील बाई, म्हणून मी चहा ठेवायला पळायची.

तो दिवा रोज सोपानकाका, म्हणजे ‘हे’, लावायचे. भवानीनगरला नोकरी करून दमूनभागून आले तरी आधी दिवा. ते अचानक गेले आणि दिवा मावशी लावू लागली. त्याच पावसाळ्यात तिला ठिपका नसलेलं पिवळं पाखरू दिसलं. कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुण्याचे एक जाणकारही म्हणाले, जात नवी दिसते. नव्या जातीला सोपानकाकांचं नाव द्यायचं, असं मावशीनं ठरवून टाकलं. “तोंडानं कधी घेतलं न्हाय, आता लिहून तरी घेते,” म्हणाली आणि त्या वयात चक्क लाजली.

पण खात्री केल्याशिवाय राहील ती मावशी कसली! ठिपकेवाली एक मादी तिनं बरणीत ठेवली. मादीनं अंडी घातली, अळ्या झाल्या, मावशी त्यांना कोवळा पाला घालत राहिली. उगाच कशाला उकरून काढतेस, म्हणून मी वैतागले. शेवटी पाखरं बाहेर आली. काहींना ठिपका, काहींना नाही. सगळी एकाच आईची. नवी जात वगैरे काही नव्हतं.

बरणी आपण दोघींनीच पाहिलीय, सोडून दे, मी म्हटलं. मला तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

“आन् खोट्याला ह्यांचं नाव लावू व्हय?” ती म्हणाली. लगेच पुण्याला फोन लावून तिनं स्वतःच सांगितलं, नवी नाही. आवाज अगदी वर्गातल्यासारखा. मग फोन ठेवला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडली.

“आता ह्यांचं नाव कशाला देऊ गं?”