चेअरमन अक्का आणि पांढरा डाग

"समजल्याबिगर मान हलवू नगं बाय," असं म्हणत अक्का समोरचीचा दंड धरायची. तुमच्याही गावात अशी एखादी असेल. आमच्या महिला दूध संस्थेची ती चेअरमन, मी तिथे दुधाचं फॅट मोजायचे. ठराव वाचून झाला की आम्ही लगेच हात वर करायचो. अक्का मात्र वाचणाऱ्याला म्हणायची, "आता सोप्या बोलीत सांगा."

दुष्काळात संस्थेचे कॅन कोरडे पडले आणि आम्ही गुरं घेऊन कडा गावाजवळच्या चारा छावणीत राहायला गेलो. तिथे एक दिवस सरकारी दवाखान्याची गाडी आली. तिशीपुढच्या बायांच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती. बाया म्हशींच्या आड लपल्या. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी जणींच्या गर्भपिशव्या तरुणपणीच काढलेल्या. तपासणी म्हटलं की पिशवी जाणार, हीच धास्ती.

अक्काचे मालक म्हणाले, "दुखत न्हाई, खुपत न्हाई. कशापायी जाती?"

"खुरकूत व्हायच्या आधी म्हशीला लस टोचता ना? मग मी काय म्हशीपरीस हलकी हाय?"

छावणीभर हसू पिकलं. अक्का आत गेली नि थोड्याच वेळात बाहेर आली. "आंबूस वासाचं औषध लावत्यात. जरा चुरचुरतंय, बास." मग बाया एकेक करून उठल्या. मीही गेले. माझं साफ निघालं.

अक्काच्या तपासणीत मात्र औषध लावल्यावर पांढरा डाग दिसला होता. पुढच्या तपासणीला बीडला बोलावलं होतं. हे तिने मला गव्हाणीपाशी नेऊन सांगितलं. तिचा आवाज इतका बसलेला मी कधी ऐकला नव्हता.

नात्यातल्या एकाने तिला खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्याने न तपासताच सांगितलं, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." मालक तयार झाले. अक्का म्हणाली, "आधी बीडला."

मी सोबत गेले. तिथल्या सिस्टर तिच्याजवळ बसून बोलल्या, "मावशी, डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. आता भिंगातून नीट बघू. शंका वाटली तर बारीक तुकडा तपासायला पाठवू."

"म्हंजी डाग निस्ती खूण. निकाल अजून यायचाय?"

"अगदी बरोबर."

तेव्हा कुठे अक्काने मान हलवली.

तुकडा पाठवावा लागला. निकाल येईपर्यंत ती शेण काढायची, वैरण टाकायची, परत शेण काढायची. अखेर कळलं, कॅन्सर नव्हता. पण तसंच सोडलं असतं तर पुढे होऊ शकला असता, असा बदल होता. पिशवी काढायची गरजच नव्हती. तेवढ्याच जागेवर उपचार झाला आणि संध्याकाळी आम्ही छावणीत परतलो. वर्षाने पुन्हा दाखवलं, तेव्हा सगळं साफ होतं.

तिने हे लपवलं नाही. बायांना बसवून सगळं सांगितलं, स्वतःला वाटलेल्या भीतीसकट. मला म्हणाली, "तुझं आज साफ हाय, म्हणून जन्माचं न्हाई. पाच वर्सांनी परत जायचं." पाच वर्षं झाली तरी मी टाळत होते, तिनेच ओढून नेलं. त्या खेपेला डाग माझ्यात निघाला. उपचार वेळेत झाला. माझ्या लेकीच्या लग्नात मी अक्षता टाकल्या, त्या अक्कामुळे.

अक्का गेली म्हातारपणाने, झोपेतच. दहाव्याला छावणीतल्या बाया लांबून आल्या. नदीच्या कोरड्या पात्रात पुरुष कावळ्याची वाट बघत उभे होते. चकलांब्याची एक म्हातारी म्हणाली, "मला अक्कानं नेलतं तपासायला." दुसरी म्हणाली, "मलाबी." मग तिसरी बोलली, मग मी. कुणाचा डाग, कुणाचा तुकडा, कुणाचं साफ. पुरुष ऐकत होते. तरी एकाही बाईने आवाज खाली केला नाही.