शाळेचं मैदान, ट्रक निघायच्या आत

दिवाळीआधी बीड जिल्ह्यात जाते आहे म्हटल्यावर बहिणीने विचारलं, "तिथे बघायला काय आहे?" मी म्हणाले, "एक मैदान." "कसलं?" "अजून कसलंच नाही." माझा धंदाच तो आहे. शाळांची मैदानं अशी आखून द्यायची की मुलं खेळता खेळता शिकतील. एरवी एका मैदानाला मला चार महिने लागतात. नांदूरघाटजवळच्या एका वस्तीवर चौथीपर्यंतची शाळा आहे, तिथल्या कदमबाईंनी मला चार दिवस दिले होते. "पाचव्या दिवशी ट्रक येतो आणि पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात," त्या फोनवर म्हणाल्या. "मैदान झालं तर काही जण आजी-आजोबांजवळ राहतील. नाही तर त्यांचं वर्ष गेलंच." थोडक्यात, घसरगुंडी विरुद्ध साखर कारखाना.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून अंबाजोगाईची एसटी पकडावी आणि केजला उतरावं. बायकांना तिकीट अर्धं आहे, धक्के मात्र पूर्ण. केजहून नांदूरघाटला जीप मिळते. ती भरली की सुटते, आणि भरली की नाही हे फक्त ड्रायव्हरला कळतं. वस्तीवर लॉज नाही, मी कदमबाईंकडे राहिले. त्यांनी येसराची, म्हणजे तिकडच्या भाजक्या मसाल्याची, आमटी केली होती, पाहुणीसाठी मुद्दाम फिकी. मी तीन तांबे पाणी प्यायले.

पहिल्या दिवशी मैदान पाहिलं. तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला रस्ता, मधे एक कडुलिंब. माझ्या आराखड्यात आकड्यांचा साप होता, आत सिमेंटचा पाइप घातलेली मातीची टेकडी होती, वाजवायच्या नळ्या होत्या. रस्त्याची बाजू मी मोकळी ठेवून खाली लिहिलं होतं, 'शाळा गावाला खुली असावी.' या वाक्यावर मी खूश होते. मुलांना म्हटलं, हवं तसं मैदान काढा. निम्म्यांनी ट्रक काढला. "ट्रक कशाला?" मी विचारलं. "त्यात बसून खेळायचं," चौथीतली आरती म्हणाली. "जायचं न्हाई कुटं." मी आराखड्यात एक ट्रक घातला.

दुसऱ्या दिवशी गाव कामाला लागलं. उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवणाऱ्या माणसांना माझी टेकडी म्हणजे न्याहारीआधीचं काम होतं. दुपारपर्यंत टेकडी झाली, संध्याकाळपर्यंत जुन्या टायरांचा आणि फळ्यांचा ट्रकही. तो कसा दिसायला हवा हे मला कुणीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी आरतीची आई मनीषा आली. तिने सगळं हात लावून पाहिलं आणि "लई भारी" म्हणाली. मी लगेच विचारलं, "मग आरती राहणार ना?"

"न्हाई ओ. आमी दोघं फडात असताना बाळ्याला कोण धरंल?"

बाळ्या म्हणजे आरतीचा अडीच वर्षांचा भाऊ. त्याला सांभाळायला तिची चौथी जाणार होती. माझ्या आराखड्यात याचा उल्लेख कुठेच नव्हता. सोबत आलेल्या गयाआजी, म्हणजे मनीषाच्या सासूबाई, म्हणाल्या, "मी ठिवते की दोघांला. पण हे पोरगं लई पळतंय, बाई. परवा ट्रॅक्टरम्होरं गेलतं. मला आता पळवत न्हाई." मग त्यांनी मैदानाकडे नीट पाहिलं. "तीन अंगांनी भिंत हाय. हितं कावून न्हाई?"

"शाळा गावाला खुली असावी म्हणून," मी म्हणाले.

"गाव येतंयच की. शेळ्याबी येत्यात."

कदमबाई खोकत दुसरीकडे बघायला लागल्या. "हितं कठडा करून फाटक लावा," आजी म्हणाल्या. "आरती आत शिकंल, मी बाळ्याला घिऊन लिंबाखाली बसंन. मग कुटं जातंय त्ये?"

मनीषाने रस्त्याकडची उघडी बाजू एकदा चालून पाहिली. मग म्हणाली, "आत्या, जमंल का तुमाला?"

"मला जमंल. ह्या बाईला फाटक जमतंय का बग."

त्याच दुपारी मी नांदूरघाटला वेल्डरकडे गेले. दिवाळीची कामं पडलीत, आठ दिवस लागतील, असं तो मान वर न करता म्हणाला. मग मी फाटक कशासाठी हवंय ते सांगितलं. "ट्रक कवा निघतोय?" त्याने विचारलं. "परवा सकाळी." "उद्या दुपारी बसवून दितो." पैसे वाजणाऱ्या नळ्यांचे वापरले. नळ्यांची आठवण कुणाला झाली नाही, मलाही नाही.

चौथ्या दिवशी गडी रस्त्याकडचा कठडा बांधत होते आणि वेल्डर शब्दाप्रमाणे आला. मनीषाने बाळ्याला उभं करून कडी त्याच्या हाताला लागते का ते तीनदा पाहिलं.

पाचव्या दिवशी ट्रक आला. भांडी, गोधड्या, कोयते, माणसं, सगळं चढलं. बाळ्या टेकडीच्या पाइपात शिरला तेवढ्यात मनीषा गाडीत बसली. तो दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत ट्रक वळणापलीकडे गेला होता. मला रडू आलं. आजींनी मला पाणी दिलं, मग बाळ्याकडे गेल्या.

घरी येऊन दीड महिना झाला. परवा कदमबाईंचा फोन आला. नऊ मुलं राहिली, बाकीची गेली. मी मनात धरलं होतं त्याहून कमी, बाईंनी धरलं होतं त्याहून जास्त. बाळ्याचं विचारलं. मनीषा फडातून मधल्या सुट्टीत फोन करते. पहिले पंधरा दिवस तो फोनला चिकटून रडायचा. आता हाक मारली की पाइपातून "थांब" म्हणतो आणि येत नाही.

"मग मनीषा काय म्हणते?" मी विचारलं.

"'खेळू द्या त्याला,' म्हणते. 'फकस्त फोन बंद नका करू.' मी तो मैदानातल्या ट्रकच्या फळीवर ठेवते. सुट्टी संपेपर्यंत ऐकत राहते ती."